कासवांच्या हमरस्त्यावर

डोळे उघडलेत तरी पाय खाली टाकू नका. तंबूच्या तोंडाशी तुम्ही रात्री काढून ठेवलेल्या बुटावर कुणीतरी बसलंय, आणि त्याचा उठायचा विचार दिसत नाही.

हां, आता सावकाश मान वळवून बघा. आपल्या घोरपडीशी दूरचं नातं सांगेल असा प्राणी आहे, पण घोरपड चोरट्या चालीची, माणूस दिसला की सुसाट पळणारी. हा अगदी उलट. पाठ विटकरी, पोट पिवळं-केशरी, कातडी मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी ढगळ आणि चेहरा दुपारची झोप मोडलेल्या आजोबांचा. हात हलवून बघा. पापणी लवेल, बस्स. हा जमिनीवरचा इग्वाना. याच्या भाऊबंदांनी ही सगळी जागा बिळांनी इतकी पोखरून ठेवली आहे, की काल तंबू ठोकायला बिनबिळाची जागा शोधताना सगळ्यांचा घाम निघाला. शेवटी ठोकला तो यांच्याच आळीत. तेव्हा बुटावर बसलेला पाहुणा नाही. पाहुणे तुम्ही आहात.

ऑक्टोबर १८३५. तारखेशी याहून जास्त आपल्याला कर्तव्य नाही. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, दक्षिण अमेरिकेचा किनारा हजारेक किलोमीटर मागे, चहूकडे पॅसिफिक. या द्वीपसमूहाचं नाव गालापागोस. स्पॅनिशमध्ये गालापागो म्हणजे कासव. तुम्ही आहात त्या बेटाला सध्या जेम्स म्हणतात, पुढे सांतियागो म्हणतील. खिशात मोबाइल नाही, चाचपू नका. अंगात जाड कापडाची विजार, घामानं कडक झालेला सदरा आणि पायात, इग्वाना परवानगी देईल तेव्हा, जाड तळव्यांचे बूट. ते सोडू नका. का, ते तासाभरात कळेल.

नियम एकच. तोंड बंद ठेवायचं. तुम्हाला जे ठाऊक आहे ते इथं कुणालाच ठाऊक नाही, आणि ते सांगायची आज दहा वेळा खुमखुमी येईल. विशेषतः त्या उंच माणसाला.

तो बघा, बाहेर दगडावर वाकलाय. वय २६, नाक ठसठशीत, हातात हातोडी. जहाजावर त्याला सगळे ‘फिलॉस’ म्हणतात, फिलॉसॉफरचं लाडकं रूप. खलाशी मागून ‘माश्या पकडणारा’ असंही म्हणतात. चार्ल्स डार्विन. तुमच्या डोक्यात पांढऱ्या दाढीचा म्हातारा असेल तर तो पुसून टाका. हा पोरगा गेली जवळजवळ चार वर्षं समुद्र लागून ओकतोय आणि जमीन दिसली की शाळा सुटल्यासारखा उड्या मारतोय. नाश्त्याला अजून वेळ आहे आणि त्याच्या पिशवीत चार दगड पडलेसुद्धा.

काल दुपारी बीगलनं तुम्हाला इथं उतरवलं आणि ती पाणी भरायला दुसऱ्या बेटाकडे निघून गेली. तिचा वास अजून तुमच्या सदऱ्यात आहे. डांबर, ओला दोर, आंबलेलं खारं मांस आणि न धुतलेली माणसं. ९० फूट लांबीचं जहाज आणि त्यावर सत्तरहून जास्त माणसं. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यालाही तिथं अवघडल्यासारखं व्हावं. उंच फिलॉसला तर झोळीत झोपताना पाय मावत नाहीत म्हणून भिंतीतला एक खण काढून ठेवावा लागतो. रात्री त्या खणाच्या भोकात पाय. डेकवर त्यानं आणून टाकलेले दगड, शिंपले आणि चिखलानं भरलेली शेवाळं पाहून पहिला लेफ्टनंट विकहॅम रोज खवळतो, कारण डेक लख्ख ठेवणं ही त्याची जबाबदारी. तेव्हा काल होडीतून वाळूवर उडी मारलीत आणि पायाखालची जमीन डुलली, ती जमीन नव्हती. चार वर्षांची सवय होती.

तंबूत आणखी तिघे आहेत. बायनो, जहाजाचा डॉक्टर. सिम्स कव्हिंग्टन, डार्विनचा नोकर, पाखरं मारून सोलून भरण्यात तरबेज. हॅरी फुलर, कप्तान फिट्झरॉयचा खासगी नोकर. या शेवटच्या दोघांकडे नीट बघून ठेवा. कुठल्याही पुतळ्यात हे दिसणार नाहीत, पण आजच्या दिवसाची खरी गंमत त्यांच्या पिशव्यांत आहे.

आता खा. जहाजाचं कडक बिस्कीट. आधी ते दगडावर आपटायचं, म्हणजे आतले किडे बाहेर पडतात. शाकाहारी आहात? मग जरा जोरात आपटा.

ऊन चढायला लागलं. बूट मिळाला? आजोबा स्वतःहून उठले, बिळाच्या तोंडाशी गेले आणि पुढच्या पायांनी माती उकरू लागले. एका बाजूचे पाय थोडा वेळ, ते दमले की दुसऱ्या बाजूचे. अर्धं अंग आत गेलं. फिलॉस हातोडी खाली ठेवून दबक्या पावलांनी मागून जातो आणि चक्क शेपूट ओढतो. इंग्लंडातल्या कुठल्या विद्यापीठात असलं शिकवतात कोण जाणे. इग्वाना धडपडत मागे येतो, वळतो आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतो. चावत नाही, पळत नाही. लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत कुणी धोतरावर पाय दिल्यावर एखादे पेन्शनर वळून बघतात ना, अगदी तसं.

तुम्ही हसाल. हसून घ्या. पण ती नजर लक्षात ठेवा, संध्याकाळी तिचं काम आहे.

चला. वाटाड्या आला. दुसऱ्या एका बेटावरच्या वसाहतीतून काही स्पॅनिश बोलणारी माणसं मासे वाळवायला आणि कासवाचं मांस खारवायला इथं येऊन राहिली आहेत. त्यांच्या झोपड्या आत डोंगरावर, सहाएक मैलांवर. आपण तिकडे निघालोय.

वाळूचा पट्टा आधी ओलांडा. तपकिरी वाळू आहे तोवर ठीक. तिच्यात फिलॉसनं थर्मामीटर खुपसला तेव्हा पारा १३७ फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या मापानं ५८ अंशांना जाऊन टेकला, आणि तो तिथं थांबला याचं कारण काचेवर पुढे आकडेच नव्हते. काळी वाळू याहून तापते. जाड तळव्यांतूनही पाय भाजतायत ना? म्हणून म्हटलं, बूट सोडू नका. तंबूतल्या हवेचा आकडा मात्र ३४ अंश. अकोल्याचा माणूस तो ऐकून स्वेटर शोधेल.

वाळू संपली की लाव्हा. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना हा दगड परका नाही, आपला काळा पाषाणही लाव्हाचाच. फरक वयाचा. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, पावसानं घासून घासून शहाणा झालेला, अंगावर माती आणि करवंदाच्या जाळ्या घेऊन निवांत बसलेला. हा अजून कोवळा आणि म्हणूनच धारदार. वीटभट्टीत जास्त भाजून खंगर झालेल्या विटा मैलोगणती पसरून ठेवल्यात असं समजा. पाय पडला की काचेसारखा खळकन आवाज होतो. हात टेकलात तर रक्त येईल. मध्येच एखादा गुळगुळीत पट्टा लागतो, दोराच्या वेटोळ्यांसारख्या वळ्या पडलेला. लाव्हा वाहता वाहता वरून थिजला आणि आतून ढकलत राहिला, त्याच्या त्या सुरकुत्या. दुधावरची साय बोटानं सरकवल्यावर तिला चुण्या पडतात, तशा.

हवा हलत नाही. चुलीपुढे वाकल्यावर तोंडावर येते तशी धग समोरून येते. झाडं आहेत, पण पानं नाहीत. राखाडी फांद्या उन्हात सांगाड्यांसारख्या उभ्या. एक काडी मोडून नाकाशी धरा. ओळखीचा वास ना? धुपाचा. स्पॅनिश माणसं याला पालो सांतो म्हणतात, पवित्र लाकूड. आपल्याकडची सालई आणि गुग्गुळ याच कुळातली. विदर्भातल्या डोंगरावर उन्हाळ्यात सालई अशीच नागवी उभी असते. अर्ध्या जगापलीकडच्या बेटावर देवघराचा वास यावा, आणि तोही डार्विनच्या मागून चालताना! पण थांबा, तोंड बंद.

खांद्यावर काय बसलं? झटकू नका. पाखरू आहे. चिमणीएवढं, मळकट तपकिरी. दुसरं तुमच्या टोपीवर, तेही तसलंच, पण काळं. तिसरं पायाशी बिया टिपतंय आणि तुमचा बूट हा आणखी एक दगड आहे असं समजून त्याला वळसा घालून जातंय. फांदीवर एक ससाणा बसलाय, हातभर अंतरावर. फिलॉस बंदुकीच्या नळीच्या टोकानं त्याला हलकेच ढकलतो. ससाणा फांदीवरून घसरतो, पंख पसरून शेजारच्या फांदीवर बसतो आणि पुन्हा इकडेच बघू लागतो. बंदूक म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. इथली शिकारही तशीच. दुसऱ्या एका बेटावर विहिरीकाठी एक पोरगा बसलेला डार्विननं पाहिला होता. हातात साधी छडी. पाणी प्यायला आलेली कबुतरं आणि चिमणीएवढी पाखरं छडीनं टिपायची आणि जेवणापुरता ढीग करायचा.

तुम्ही ‘वन्यजीव निरीक्षण’ म्हणता, त्याला या दिवसात शब्द नाही. इथं पाहणं हाताचं आणि पोटाचं आहे. प्राणी दिसला की ढकलायचा, ओढायचा, उचलायचा आणि बहुधा खायचा.

त्या मळकट पाखरांकडे मात्र पुन्हा बघा. चोची बघा. एकीची जाड, अडकित्त्यासारखी. दुसरीची बारीक, टोकदार. तुमच्या पोटात फुलपाखरं नाही, अख्खं शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक फडफडतंय, मला कळतंय. ‘अहो, हीच ती! डार्विनचे फिंच!’ जीभ दाताखाली धरा. डार्विनला हे ‘डार्विनचे फिंच’ आहेत याचा पत्ता नाही. त्याला यांतले काही वेगळ्याच कुळांतले वाटतायत. तो पाखरू उचलतो, पिशवीत टाकतो. चिठ्ठीवर नंबर लिहील. बेटाचं नाव लिहायचं राहून जाईल.

दोन तास झाले. वर बघू नका, चालत राहा. तोंडात जिभेऐवजी चामड्याचा तुकडा आहे असं वाटतंय. पाण्याची बुधली किनाऱ्यावरच्या झऱ्याच्या पाण्यानं भरलेली, कोमट आणि मचूळ. तेही चैनीचं समजा. काही दिवसांत एक मोठी लाट त्या झऱ्यात घुसून सगळं खारट करणार आहे, आणि खाडीत नांगरलेलं एक अमेरिकी जहाज, देवमाशांच्या शिकारीचं, या मंडळींना तीन पिंपं पाणी देईल. वर बादलीभर कांदे भेट. महिनोन्‌महिने खारं मांस चघळल्यावर कांदा म्हणजे काय, हे ज्यानं भाकरीबरोबर बुक्कीनं फोडून खाल्लाय त्याला सांगावं लागत नाही.

आणि अचानक गालावर काहीतरी गार लागतं.

धुकं. एका पावलात ऋतू बदलला. जिथं ढग डोंगराला टेकतो तिथं जणू रेघ ओढली आहे. रेघेच्या खाली वैशाख, वर आषाढ. पानांवरून पाणी ठिबकतंय, पायाखाली चिखल, बुंध्यांवर शेवाळ. पाऊस पडत नाहीये, झाडं ढगाला गाळून घेतायत. खोल श्वास घ्या. ओल्या मातीचा वास. आंबोलीच्या घाटात काच खाली करून घेतो ना, तोच. सगळे न बोलता दोन मिनिटं उभे राहतात. फिलॉसनं टोपी काढली आहे.

इथं त्या दोन झोपड्या. धूर, माश्या, वाळत टाकलेलं मांस आणि एका कढईत पारदर्शक पिवळसर तेल. कासवाच्या चरबीचं. बसा. पानात येईल ते याच तेलात तळलेलं कासवाचं मांस. छातीकडचं कवच मांसासकट निखाऱ्यावर भाजतात, तो इथला मानाचा पदार्थ. फिलॉसला तो फार आवडला. लहान कासवांचं सूपही. त्याला तळलेल्या मांसाचं तितकं कौतुक नाही, पण भूक लागली की कौतुकाची वाट कोण बघतो?

तुम्ही चावताय. घास तोंडात फिरतोय. शेवटी गिळलात. असू दे. या बेटावर आज कासव न खाल्लेला माणूस सापडणार नाही.

शिकारी गप्पा मारतो, वाटाड्या अर्धवट समजावतो. चरबी किती आहे हे बघायला कासवाच्या शेपटीजवळ कातडीला एक चीर द्यायची आणि आत डोकावायचं. बारीक निघालं तर सोडून द्यायचं. जखम भरून येते, कासव आपल्या वाटेनं जातं. तहान लागली आणि पाणी नसलं तर कासव मारून त्याच्या मूत्राशयातलं पाणी प्यायचं. चव? जराशी कडवट, फिलॉस सांगतो. म्हणजे त्यानं प्यायलंय. अर्थात.

आता दोन मैल आणखी वर, झऱ्यांकडे. आणि ही वाट बघा. रुंद, तुडवलेली, मध्ये खोलगट झालेली. बैलगाडीची चाकोरी असावी तशी. पण या बेटावर बैल नाहीत, गाडी नाही. ही वाट कुणी पाडली?

बाजूला व्हा. ते येतायत.

आधी आवाज येतो. ओल्या पाचोळ्यावर जड पोतं ओढल्यासारखा. मग धुक्यातून एक मान निघते, हातभर लांब, सुरकुतलेली, पुढे ताणलेली. मागे घमेलं पालथं घालावं तसं कवच, पण घमेलं केवढं? गजभर लांब. पाय हत्तीचे. कासव तुमच्या समोरून जातंय आणि तुम्ही उभे आहात याची त्याच्या लेखी काही नोंद नाही. त्याच्यामागे दुसरं. समोरून तिसरं येतंय, पाणी पिऊन परत निघालेलं, चिखलानं बरबटलेलं. एकमेकांना ओलांडताना ती थांबत नाहीत, घाई करत नाहीत. हा कासवांचा हमरस्ता आहे. खालच्या कोरड्या रानातून या झऱ्यांपर्यंत असे रस्ते चारी बाजूंनी मैलोन्‌मैल आलेत. पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेनं जाऊन जाऊन दगडसुद्धा गुळगुळीत झाले असतील. आषाढी-कार्तिकीला पंढरीच्या वाटेवर उभं राहिलं की समोरून येणाऱ्या प्रत्येकाला पुढचं टोक ठाऊक आहे हे आपल्याला जाणवतं. इथंही तसंच. नुसतं टाळ-मृदंग नाहीत, फुसफुस आहे.

फिलॉसनं घड्याळ काढलं. तो कासवाबरोबर चालतोय, पावलं मोजतोय. दहा मिनिटांत ६० यार्ड. तासाला ३६०. म्हणजे वाटेत थोडं खाऊन-पिऊन दिवसाला चार मैल. सशाची गोष्ट त्याला माहीत असेलच. तिचा हिशेब बहुधा यानंच पहिल्यांदा मांडला.

झऱ्यापाशी तर जत्रा भरलीय. डबकं ते केवढं, आणि त्याभोवती कवचांची दाटी. प्रत्येक जण डोळ्यांच्या वरपर्यंत डोकं चिखलपाण्यात बुडवून घटाघट पितोय. मोजा, मिनिटाला दहा घोट. तुम्ही शेजारी बसून गार पाण्यात हात घातलात तरी कुणी सरकत नाही. पाणी प्या. बघा, जीभ परत आली.

मागे हशा पिकलाय. फिलॉस एका कासवावर चढून बसला आहे. आधी कासव फुस्स करून, डोकं-पाय आत ओढून धप्पकन जमिनीला टेकलं. यानं कवचाच्या मागच्या बाजूला दोन-तीन टपल्या मारल्या. कासव उठलं आणि चालू लागलं. दोन पावलांत डावीकडे झोक, उजवीकडे झोक, आणि फिलॉस चिखलात. पुन्हा चढला, पुन्हा चिखलात. ‘तुम्ही या,’ तो हात करून म्हणतो.

जाणार ना? मला ठाऊक होतं. कवच ओलं आणि गार आहे, खालून एक संथ ताकद तुम्हाला उचलते, जणू जमीनच उठून चालायला लागली. तुमचं वजन त्याच्या हिशेबातच नाही. पडलात? सगळेच पडतात.

चिखल झटकत कुणीतरी विषय काढतो. वसाहतीचे प्रभारी गव्हर्नर लॉसन म्हणाले होते म्हणे, मला कासव दाखवा, ते कुठल्या बेटावरचं आहे ते मी सांगतो. कवचं बेटागणिक वेगळी. फिलॉस ऐकतो. मान डोलावतो. पण त्याच्या चेहऱ्यावर वीज चमकलेली दिसली का? नाही. त्याला हे फारसं महत्त्वाचं वाटलेलं नाही. ५०-६० मैलांवरची, एकाच दगडाची, एकाच हवेची बेटं. त्यांवर प्राणी निराळे कशाला असतील? बीगलवर पुढच्या प्रवासासाठी कासवं चढतील, महासागर ओलांडताना एकेक करून खाल्ली जातील आणि रिकामी कवचं पाण्यात फेकली जातील. ज्यावर उत्तर लिहिलं होतं तीच पाटी. तुम्ही ओरडायला तोंड उघडलंत. मिटा. नियम.

उतरताना ढगातून उन्हात, आषाढातून वैशाखात. किनारा येईपर्यंत सूर्य पाण्याला टेकलाय. भरतीच्या रेषेवर लालभडक खेकडे काळ्या दगडांवरून सरसरतायत, आणि ते काळे दगड... हलतायत. समुद्री इग्वाना. शेकडो, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, तोंडं मावळतीकडे करून. मध्येच एक जण नाकातून फुर्रकन खारट फवारा सोडतो; समुद्रातलं शेवाळ खाऊन अंगात साठलेलं मीठ ते असं फेकतात. फवारा तुमच्या विजारीवर. वास? वाळत घातलेले बोंबील आणि ओला कुत्रा यांच्या मधला.

फिलॉसला अजून दम लागलेला नाही. तो एकाला शेपटीनं उचलून ओहोटीनं मागे ठेवलेल्या खोल डबक्यात भिरकावतो. इग्वाना सुरेख पोहत, सरळ रेषेत, त्याच्याच पायाशी परत येतो. पुन्हा फेकला, पुन्हा परत. जो फेकतोय त्याच्याकडेच! हा प्राणी पाण्यात इतका तरबेज, की जहाजावरच्या एका खलाशानं जड वजन बांधून एकाला बुडवला आणि तासानं दोर ओढला तर स्वारी टुणटुणीत. मग पाण्यात पळून का जात नाही? फिलॉस वाळूवर बसून विचार करतो. समुद्रात याचे शत्रू आहेत, शार्क आहेत. जमिनीवर मात्र याला कधीच कुणी त्रास दिलेला नाही. म्हणून काहीही संकट आलं की तो किनाऱ्याकडे धाव घेतो. किनारा म्हणजे घर, किनारा म्हणजे अभय.

किनाऱ्यावर कोण उभं आहे, हे त्याला कळायला वेळ लागणार आहे.

रात्र. तंबूत दिव्याभोवती पतंग. कव्हिंग्टन आणि फुलर पाखरं सोलतायत, कातडीत कापूस भरतायत. बोटांना रक्ताचा आणि पिसांचा वास. आता या पिशव्यांकडे बघा, सकाळी म्हटलं होतं. फिलॉसनं एका जातीच्या पाखरांवर मात्र बेटाचं नाव नीट लिहिलंय. नकल्या पक्षी म्हणावा असा, इतरांची शीळ उचलणाऱ्यांच्या कुळातला. तो बेटागणिक जरा वेगळा दिसला म्हणून. पण फिंचांच्या चिठ्ठ्यांवर बेट नाही. लंडनला परतल्यावर, १८३७ साली, जॉन गूल्ड नावाचा पक्षितज्ज्ञ सांगेल की हे सगळे वेगवेगळे दिसणारे पक्षी एकाच कुळाचे आहेत. मग फिलॉसची पळापळ. कुठला कुठल्या बेटावरचा? आणि त्याला हात पसरावा लागेल तो कप्तान फिट्झरॉय, फुलर आणि कव्हिंग्टन यांच्या संग्रहांपुढे. या दोघा नोकरांना सिद्धांत मांडायचा नव्हता. पाखरू कुठं मारलं एवढं त्यांनी लक्षात ठेवलं.

तेव्हा आज दिवसभर कुणी काय पाहिलं, याचा हिशेब करा. शिकाऱ्यानं चरबी पाहिली. खलाशानं सूप पाहिलं. फिलॉसनं सगळं पाहिलं आणि मुख्य गोष्ट पाहायची राहिली. तुम्ही पाठ्यपुस्तक पाहिलं. नुसतं बघण्यासाठी बघणारा एकच होता. सकाळी ज्याचं शेपूट ओढलं, तो. आजचं खरं प्राणीनिरीक्षण त्यानं केलं, आणि निरीक्षणातला प्राणी आपण होतो.

आता डोळे मिटा. परत जायची वेळ झाली.

पण तिकडे जाण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. ज्यांच्या आळीत तुम्ही झोपला होतात, ते जमिनीवरचे इग्वाना या बेटावरून नाहीसे झाले. १९०६ साली शोधायला गेलेल्यांना त्यांची हाडंच मिळाली. माणसांनी आणलेली डुकरं आणि शेळ्या, आणि माणसं स्वतः, यांनी ती आळी रिकामी केली. कासवं जहाजांनी उचलली. एकेका जहाजानं ७०० पर्यंत. मग अख्खं शतक आणि वर बरीच वर्षं गेल्यावर बेटावरून आधी डुकरं हटवली, मग शेळ्या, आणि २०१९ साली शेजारच्या बेटावरून चौदाशेहून जास्त इग्वाना आणून इथं सोडले. त्यांनी लगेच उकरायला सुरुवात केली. आधी एका बाजूचे पाय, मग दुसऱ्या.

आज तुम्ही तिकीट काढून गेलात तर वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. आणि पाटीवर नियम आहे: कुठल्याही प्राण्यापासून २ मीटर अंतर. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, वर बसायचं तर मुळीच नाही. तुम्ही शहाण्यासारखे दोन मीटरवर उभे राहाल, कॅमेरा सरसावून.

पण तो नियम माणसांसाठी आहे. इग्वानाला तो कुणी वाचून दाखवलेला नाही. तो झुडपातून निघेल, ढगळ कातडी सावरत सावकाश चालत येईल आणि तुमच्या बुटाजवळ थांबून मान वर करेल. त्या वेळी अंतर पाळायची जबाबदारी तुमची. एक पाऊल मागे घ्या.